डबीतल्या गोळीआधी बरणीतला जवस

आमच्या ह्यांच्या डाव्या पापणीवर, नाकाच्या बाजूला, मुगाच्या डाळीएवढी पिवळसर चकती आली तेव्हा मी तिला दोन वर्षं क्रीम लावत बसले. मी फार्मासिस्ट. लातुरात आमचं औषधांचं दुकान होतं, काउंटरमागे एकतीस वर्षं उभी राहिले. तरी घरातल्याच माणसाच्या डोळ्यावर काय आलंय ते मला कळलं नाही. पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात, गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं त्याच दिवसांत, ह्यांच्या छातीत कळ आली आणि दोन स्टेंट बसले. सगळं निवळल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी ह्यांच्या पापणीकडे बोट केलं आणि मला विचारलं, "हे कधीपासून आहे?" मी गप्प.

त्या चकतीला झँथेलाझ्मा म्हणतात. कातडीखाली साठलेलं कोलेस्टेरॉलच ते. ती असणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांचंच रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलेलं सापडतं. पण कोपनहेगनमध्ये साडेबारा हजारांवर माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, त्याचा अहवाल २०११ साली आला, आणि त्यात चकत्यावाल्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण जास्त निघालं, रक्ताचा रिपोर्ट बरा असला तरीही. म्हणून त्वचेसाठी, हृदयासाठी जवस, आवळा, डबीतल्या गोळ्या असं काहीबाही खायला लागण्याआधी आरशासमोर उजेडात उभं राहा. पापणीवर पिवळी चकती आहे का? मानेवर मळ साचल्यासारखा काळा, मखमली पट्टा आहे का, जो घासून जात नाही? (तो बहुतेक वेळा इन्सुलिनचं काहीतरी बिघडलंय हे सांगत असतो.) कातडी अचानक कोरडी पडून खाज सुटलीय का? मग आधी साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची, चरबीची तपासणी) आणि थायरॉईड करून घ्या. कोरडेपणामागे थायरॉईड निघाला तर जवसाची अख्खी गोणी खाल्ली तरी फरक पडणार नाही.

हे झालं की मग स्वयंपाकघर.

जवस मी लहानपणापासून बघितलाय. माझं माहेर औशाजवळचं. रब्बीत हरभऱ्याच्या कडेनं जवसाची चार-सहा तासं असायचीच, निळी फुलं सकाळी उघडायची आणि ऊन चढलं की गळायची. आई त्याची चटणी करायची, भाकरीवर घाण्याचं तेल आणि चटणी. मी शिकले, दुकान टाकलं आणि त्याच जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल लोकांना विकल्या, साठ कॅप्सूलची डबी. त्यात गैर काही नव्हतं, पण एका कॅप्सूलमध्ये तेल साधारण एक ग्रॅम. दळलेल्या जवसाच्या एका पोह्याच्या चमच्यात, म्हणजे सातेक ग्रॅममध्ये, तीन ग्रॅमच्या आसपास तेल असतं, शिवाय दोन ग्रॅम चोथा आणि लिग्नान नावाचे वनस्पतीतले घटक, जे कॅप्सूलमध्ये येतच नाहीत. त्या तेलातलं निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, वनस्पतीतलं ओमेगा-३. एका चमच्यातून ते दीडेक ग्रॅम मिळतं, दिवसाची गरज साधारण तेवढीच.

आता करायचं कसं. मी लातूरच्या गंजगोलाई बाजारातून जवस आणते, एका वेळी अर्धा किलोच. घेताना मूठभर हातात घेऊन बघायचा. दाणा चकचकीत, गुळगुळीत, बोटांतून निसटणारा हवा. वास जवळजवळ नसावाच. दोन दाणे चावायचे: शेंगदाण्याकडे झुकणारी चव आली तर ठीक, कडवट किंवा रंगाच्या डब्यासारखी आली तर परत ठेवायचा. रंगाचा वास यायचं कारण सोपं आहे. जवसाचं तेल हवेत पटकन वाळतं, म्हणूनच ते पूर्वापार तैलरंगात वापरतात. खवट जवस म्हणजे तो रंग दाण्याच्या पोटात व्हायला सुरुवात झालेली.

दुकानदाराला 'जव' म्हणू नका, 'जवस' म्हणा. जव म्हणजे बार्ली. आमच्या शेजारच्या काकूंनी महिनाभर जव भाजून चटणी केली आणि 'तुमचा तो उपाय दाताला फार कडक आहे हो' म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. जवही हृदयाला चांगलाच, पण तो दलिया करून, शिजवून.

आणखी एक. रंगाच्या, हार्डवेअरच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' अळशीचं तेल मिळतं, स्वस्त असतं. अळशी म्हणजे जवसच, पण ते तेल खायचं नाही. लाकडावर लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. माझ्याकडे एकजण ती बाटलीच घेऊन आला होता, "हे रोज किती चमचे घेऊ?"

भाजणं. लोखंडी कढई, मंद ते मध्यम आच, आणि कढईत एका वाटीपेक्षा जास्त नाही. सतत हलवत राहायचं. दोनेक मिनिटांत तडतड सुरू होते, दाणे कढईबाहेर उडतात, जाळीचं झाकण अर्धवट धरा. तडतड जोरात होऊन जराशी ओसरली आणि खमंग वास आला की लगेच ताटात काढायचा. कढईत तसाच ठेवला तर बुडाच्या उष्णतेनं करपतो, आणि करपलेला जवस इतका कडू लागतो की सगळी चटणी टाकावी लागते. भाजण्याचा फायदा चवीपुरता नाही. कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारे घटक थोडे असतात, भाजल्यानं ते कमी होतात. चमच्या-दोन चमच्यांनी कुणाला काही होत नाही, पण 'कच्चा जास्त गुणकारी' म्हणून वाटीभर खाणारे लोकही मी पाहिलेत.

पूर्ण गार होऊ द्या. गरम जवस मिक्सरला लावला की वाफेनं आणि सुटलेल्या तेलानं लगदा होतो, भांड्याला चिकटून बसतो. गार झाल्यावरही एका दमात फिरवायचा नाही. चालू-बंद, चालू-बंद, मध्ये चमच्यानं खालचं वर करायचं. रवाळ राहिला तरी चालतो, अख्खा दाणा मात्र राहायला नको.

इथे ह्यांची गोष्ट सांगते, ह्यांची परवानगी आहे. दवाखान्यातून घरी आल्यावर ह्यांनी माझं न ऐकता रोज सकाळी दोन चमचे अख्खा जवस पाण्याबरोबर गिळायला सुरुवात केली, 'चावायचा कंटाळा'. तीन आठवड्यांनी स्वतःच सांगितलं, की जसा गेला तसाच बाहेर येतोय, मोजून घे म्हणाले. जवसाचं कवच आपल्या आतड्यात फुटत नाही. भिजवलेला अख्खा जवसही मोठ्या अंशी तसाच जातो. दळलाच पाहिजे.

चटणीचं माझं प्रमाण: एक वाटी जवस, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या तव्यावर कोरड्या होईपर्यंत भाजून, एक चमचा जिरं, मूठभर कढीपत्ता कुरकुरीत करून, तिखट आपल्या जिभेप्रमाणे आणि मीठ अर्धा चहाचा चमचा. मीठ एवढंच. दिवसाला एकूण पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवायचं असेल तर चटणीत, लोणच्यात, पापडात ते कुठून कुठून येतं हे बघावं लागतं. हृदयासाठी केलेली चटणी खारट झाली की एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढून घेतलं. कमी वाटलं तर ताटात वरून लिंबू पिळा.

काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये. दळलेला जवस बाहेर ठेवला तर उन्हाळ्यात आठवड्यात खवटतो. फ्रिजमध्ये मी दोन आठवड्यांवर ठेवत नाही. म्हणून एकच वाटी. रविवारी सकाळी दहा मिनिटांचं काम आहे.

किती खायचा? पहिला आठवडा रोज एक चहाचा चमचा, मग एक पोह्याचा चमचा, पोट मान्य करेल तर दोन. त्याबरोबर पाणी वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठ बरं होण्याऐवजी वाढतं. भाकरीवर, ताकात, दह्यात, वरणभातावर, कशावरही. पिठात मिसळून भाकरी केली तरी चालते. त्याच्या तेलात फोडणी मात्र करू नका, ते तापवायचं तेल नाही; आई ते वरूनच घालायची.

आता, ह्यानं होतं काय? कॅनडात विनिपेगला पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर प्रयोग झाला, २०१३ साली छापून आला. काहींना रोज ३० ग्रॅम दळलेला जवस खाण्यातून दिला, काहींना नुसताच तसा दिसणारा पदार्थ. सहा महिन्यांनी जवसवाल्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० नी आणि खालचा ७ नी कमी होता. लक्षात घ्या, तीस ग्रॅम, म्हणजे चार पोह्याचे चमचे, आणि त्यांची औषधं चालूच होती. त्वचेचं म्हणाल तर जर्मनीत २६ बायकांना बारा आठवडे तेल दिलं, अर्ध्याजणींना जवसाचं, अर्ध्याजणींना करडईचं. जवसवाल्यांच्या कातडीतून पाणी उडून जाण्याचं प्रमाण कमी झालं, खरखर आणि लाली कमी झाली. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये. माझ्या स्वतःच्या नडग्यांवर हिवाळ्यात पांढऱ्या खपल्या धरायच्या, त्या तिसऱ्या महिन्यापासून कमी झाल्या. पण त्याच हिवाळ्यात मी कढत पाण्यानं अंघोळ करणं सोडलं आणि अंग ओलं असतानाच तेल लावायला लागले, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते मला सांगता येणार नाही. काहीही केलंत तरी बारा आठवडे थांबा. कातडी नवी व्हायला वेळ घेते, आणि आठवड्यात 'ग्लो' आला असं सांगणारा काहीतरी विकतोय हे ओळखा.

आणि जवस म्हणजे मासे नव्हेत. जवसातल्या ओमेगा-३ पासून माशांत असतात ती ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आपलं शरीर फार थोडं बनवतं. माझी सून मालवणची. तिच्या हातची तारली आणि बांगडा ह्यांनी साठीनंतर खायला सुरुवात केली, आता आठवड्यातून दोनदा मागून घेतात. तळून नाही, तिखलं किंवा तव्यावर कमी तेलात. जे खात नाहीत त्यांनी जवस, अक्रोड यांवरच समाधान मानावं, पापाचा विचार करत माशाच्या तेलाची कॅप्सूल गिळू नये.

ह्यांनी मध्ये एक पराक्रम केला. मोबाइलवर कुणीतरी पाठवलं की जवस असेल तर कोलेस्टेरॉलची गोळी लागत नाही. मला न सांगता तीन महिने गोळी बंद. वाईट कोलेस्टेरॉल ६८ होतं, १३९ झालं. जवस रोज चालूच होता! स्टेंट असलेल्या माणसानं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. स्टेंट आत गोठून बंद पडू शकतो. जवस त्या गोळीच्या शेजारी बसतो, तिच्या खुर्चीत नाही.

आवळ्याचं थोडक्यात. कातडीला घट्ट ठेवणारं कोलॅजेन बनवताना शरीराला क जीवनसत्त्व लागतंच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला ८० आणि बाईला ६५ मिलीग्रॅम सांगितलंय. एक मध्यम आवळा, कच्चा, त्याची भरपाई करतो. मार्गशीर्ष ते माघ मिळतो तोवर अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी किसून कोशिंबिरीत. पुढे पेरू, लिंबू, कच्ची कोबी, कोथिंबीर आहेच. मोरावळा आणि च्यवनप्राश हे साखरेचे पदार्थ आहेत, मधुमेहाच्या माणसानं ते औषध समजून चाटू नयेत. मुतखडा होऊन गेला असेल तर हजार मिलीग्रॅमच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांपासून लांब राहा.

टोमॅटो कच्चा नाही, तेलात शिजवून. ड्युसेलडॉर्फला लोकांना दहा आठवडे रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट ऑलिव्ह तेलाबरोबर दिली, तेव्हा अतिनील किरणांनी येणारी लाली ४० टक्क्यांनी कमी झाली. आपली तेलातली टोमॅटोची दाट चटणी त्याच जातीची. पण लातूरच्या मे महिन्यात तेवढ्यावर बाहेर पडाल तर भाजून निघाल. छत्री, गमछा, पूर्ण बाह्या.

इसबगोल हे मी दुकानात पोटासाठी विकलं, हृदयासाठी कुणी मागितलंच नाही. खरं तर त्यातला विरघळणारा चोथा पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतो, मग यकृत नवी बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं, म्हणून वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. एक पोह्याचा चमचा, मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी पाणी. कोरडा तोंडात टाकायचा नाही, घशात फुगून अडकतो. दुसऱ्या गोळ्यांपासून दोन तास लांब, नाहीतर तो त्याही बांधून नेतो. जवसाचंही तेच.

आता डबीतल्या गोळ्या. मी त्यांच्यावर घर चालवलं, त्यामुळे जपून बोलते.

ती हिरवी ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल. बायका फोडून तोंडाला लावतात, पुरुष हृदयासाठी गिळतात. हृदयाच्या साडेनऊ हजार रुग्णांना वर्षानुवर्षं रोज ४०० युनिट देऊन बघितलं. २००० साली निकाल आला, फायदा नाही. पुढेही तेच चालू ठेवलं, तर २००५ मध्ये हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण ई घेणाऱ्यांत जास्त दिसलं. बीटा-कॅरोटीन: फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरचा प्रयोग, १९९४. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. गाजर खाऊन असं होत नाही. फार फार तर तळहात पिवळे होतात. माशाच्या तेलाची रोज एक ग्रॅमची कॅप्सूल अमेरिकेत २५,८७१ जणांच्या प्रयोगात झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांच्या एकत्र हिशेबात फरक पाडू शकली नाही, आणि मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) फार वाढलेले असतील तर डॉक्टर देतात, ती गोष्ट वेगळी. हळद भाजीत घाला. काळ्या मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या कॅप्सूलनं यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत.

बायोटिनबद्दल मात्र जरा थांबून सांगते. केसांसाठी, नखांसाठी, त्वचेसाठी मुली ज्या गोड गोळ्या चघळतात त्यांत हे असतं, गरजेच्या शेकडो पट. माझ्या भाचीचा थायरॉईडचा रिपोर्ट असा आला की डॉक्टर चक्रावले, थायरॉईड वाढल्याचे आकडे आणि लक्षण एकही नाही. मी विचारलं, "केसांसाठी काही घेतेस का गं?" घेत होती, दहा हजार मायक्रोग्रॅम. डॉक्टरांना विचारून बंद केलं, काही दिवसांनी परत तपासलं, आकडे सरळ. पुष्कळ तपासण्यांच्या यंत्रणेत बायोटिनच वापरलेलं असतं, रक्तात ते जास्त झालं की आकडे चुकतात. हृदयाचा झटका ओळखणारी ट्रोपोनिनची चाचणी काही पद्धतींत खोटी कमी येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये इशारा दिला तेव्हा असाच एक रुग्ण दगावल्याची नोंद त्यांच्याकडे आलेली होती. छातीत दुखतंय म्हणून कुणाला घेऊन गेलात तर 'हे बायोटिन घेतात' हे पहिल्या पाच वाक्यांत सांगा.

तरीही डबी घ्यायचीच असेल तर उलटी करून वाचा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, चौदा अंकी परवाना क्रमांक हवा. 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहिणं बंधनकारक आहे, आणि त्याच डबीच्या पुढच्या बाजूला हृदय काढलेलं असतं, हे मला शेवटपर्यंत हसू आणायचं. 'मालकीचं मिश्रण' म्हणून एकच वजन दिलं असेल आणि प्रत्येक घटक किती ते लिहिलं नसेल तर परत द्या. लाल यीस्टचा तांदूळ असेल तर तोही परत. त्यातला मोनॅकोलिन के आणि लोव्हास्टॅटिन ही गोळी रासायनिक दृष्ट्या एकच, म्हणजे स्टॅटिनवर स्टॅटिन. बिनलेबलची भुकटी, भस्म, 'घरगुती पुडी' नकोच. बोस्टनमध्ये विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, २००४ साली.

वॉरफेरिन किंवा तत्सम रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी, शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी, गरोदर बायकांनी, आतडं अरुंद झालेल्यांनी जवस आणि इसबगोलही विचारल्याशिवाय सुरू करू नये. वॉरफेरिनवाल्यांनी पालेभाजी सोडायची नाही, पण रोज साधारण सारखीच खायची; एक दिवस शून्य, दुसऱ्या दिवशी पालकाची परडी असं नको. डॉक्टरकडे जाताना डब्यांची नावं आठवत बसू नका. पिशवीत सगळ्या डब्या, बरण्या, पुड्या घाला आणि टेबलावर ओता. मी ह्यांची तशीच नेली होती. डॉक्टरांनी अकरा डब्यांतल्या सात बाजूला सारल्या. त्या सातपैकी पाच आमच्याच दुकानातल्या होत्या.

चटणीची बरणी त्यांनी उघडून वास घेतला, ठेवा म्हणाले. ह्यांनी लगेच संधी साधली: "मीठ वाढवायला सांगा ना हिला."